यजमानाची नळी

१

क्षत्रप मिथ्रपात भरल्या बैठकीत खुर्चीवरून घसरले, तेव्हा मला आधी वाटलं, चढली.

जवाची आमची दारू आहेच तशी. नवख्याला गोड लागते आणि जुन्यालाही फसवते. दिवाणखान्याच्या मधोमध जमिनीत पुरलेला हंडा, भोवती आम्ही सहा जण आणि प्रत्येकाच्या हातात बोरूची लांब नळी. पण क्षत्रपांनी जेमतेम एक घोट ओढला होता. ओठांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "लाकूड झालंय." मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग ओकारी झाली, दरदरून घाम फुटला. तंदूरमधल्या भाकऱ्या आल्या, निवल्या, आणि त्या तशाच पडल्या असताना त्यांचा जीव गेला.

मी झब्दी. जातीचा अरामी, क्षत्रपांच्या कचेरीतला लेखनिक. अर्मिनाचा हा डोंगरी सुभा शहेनशहाच्या नावानं मिथ्रपात चालवायचे, आणि त्यांचा शब्द चार भाषांत फिरवायचं काम माझं. या गोष्टीतलं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगायला हरकत नाही.

दारू चाखणाऱ्यानं आधी चाखली होती. आम्हीही सगळ्यांनी ओढली होती. मेले ते एकटे.

सगळे खुर्चीभोवती गोळा झाले, पण पाहुणा जागचा हलला नाही. त्याचं नाव बगदात. शहेनशहाचा डोळा म्हणतात, तो हाच. न सांगता एखाद्या सुभ्यात उगवायचं, सगळं बघायचं, आणि जाऊन शहेनशहाच्या कानात सांगायचं, हे त्याचं काम. माणूस बुटका, टक्कल पडलेला, सर्दीनं हैराण. आदल्या दिवशी तो खिंड ओलांडून आला आणि त्याच्या पाठीमागे बर्फानं खिंड बुजली. आता वसंतापर्यंत कुणी येणार नव्हतं की जाणार नव्हतं.

त्यानं खाली पडलेली क्षत्रपांची नळी उचलली. वरच्या टोकाला लाल लोकर गुंडाळलेली. टोक त्यानं खालच्या ओठाला हलकेच लावलं, थोडा थांबला, आणि थुंकला.

"दारूत काही नाही," तो म्हणाला. "नळीत आहे. बचनाग."

किल्लेदार वहुकनं तलवार उपसली. "दरवाजे लावा. यातला एकही माणूस बाहेर जाता कामा नये."

"खिंड कालच बंद झालीय," कोपऱ्यातून हल्दित हसला. "आणखी काय बंद करताय, किल्लेदार?"

हल्दित म्हणजे खालच्या खोऱ्यातल्या गावांचा नाईक. गावांनी बंड करू नये म्हणून त्याला वर ओलीस ठेवलेलं. जेवायला आमच्याबरोबर, झोपायला कुलपात.

वहुक त्याच्याकडे बघत बगदातला म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत नाव द्या, सरदार. तुम्हाला नाही सापडलं, तर माझ्याकडे एक नाव तयार आहे. सुळासाठी लाकूडही आहे."

२

नळ्यांची पद्धत अशी. यजमानानं पहाटे स्वतःच्या हातानं बोरू कापायचे, पाहुण्याच्या नळीला पांढरी लोकर गुंडाळायची आणि आपल्या नळीला लाल. बाकीच्यांच्या बोडक्या. मग सगळ्या नळ्या एका परातीत घालून दिवाणखान्याशेजारच्या खोलीत ठेवायच्या. ती परात तिथं सकाळभर होती, आणि त्या खोलीतून वहुक, हल्दित, क्षत्रपांच्या पत्नी बाईसाहेब अपामा आणि मी असे चौघेच गेलो होतो.

"म्हणजे तूही," बगदात मला म्हणाला.

"मीही, हुजूर."

"बरं. दौत घे आणि चल. संशयितानं संशयितांची जबानी लिहिली तर काही बिघडत नाही. सगळेच जपून बोलतील."

वहुक बुरुजावर भेटला. जुन्या हिवाळ्यांत त्याच्या बोटांची पेरं गळून पडलेली, उरलेल्या बोटांनी तो आगीवर हात शेकत होता.

"बचनाग किल्ल्यात कुठे असतो?" बगदातनं विचारलं.

"लांडग्यांसाठी बाणांना लावतो. एकच बरणी आहे, ती क्षत्रपांच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात."

"आता कुठे आहे?"

"गळ्यातच. मी बघितली." वहुक ओशाळला. "पण त्या डोंगरी माणसांना बचनाग काय विकत आणावा लागतो? त्यांच्या शेताच्या बांधावर उगवतो तो."

"हिवाळाभर हा इथं कुलपात आहे. रोज झडती कोण घेतं?"

"मीच घेतो."

"मग एक तर तुझी झडती खोटी, नाहीतर तुझा संशय. कुठलं लिहू?"

वहुक आगीत लाकूड सारू लागला. इथं सांगायला हवं, की किल्लेदार हा क्षत्रपाचा नोकर नसतो. तो थेट शहेनशहाचा. क्षत्रपावर किल्लेदाराचा पहारा आणि दोघांवर हा डोळा, अशी आमच्या राज्याची घडी.

हल्दितला बेड्या घातल्या होत्या. तो भिंतीला टेकून अक्रोड फोडत होता.

"या, डोळेसाहेब. नीट दिसतंय ना? अंधार आहे इथं."

"क्षत्रप तुला आवडायचे?"

"माझ्या गावांतले घोडे नेले त्यांनी. शिंगरूसुद्धा सोडलं नाही. खालच्या गुहेत बांधलेत. तुम्ही काल ते तबेले बघायला मागितले, तर म्हणाले ना, 'उद्या, आधी जेवण'? इथून मला सगळं ऐकू येतं." त्यानं अक्रोडाचा गर तोंडात टाकला. "आवडायचे नाहीत. पण या किल्ल्यात कोंबडं मेलं तरी पहिला दोर माझ्या मानेला. मी देवाला रोज सगळ्यांचं आयुष्य मागतो. तुमचंसुद्धा."

बाईसाहेबांच्या दालनात रिवाजाप्रमाणे मी पडद्याशी बसलो. अपामा बाई उंच, चाळिशीतल्या. डोळे कोरडे होते. नवऱ्याचा अंगरखा त्यांनी घडी करून मांडीवर घेतला होता. त्यांचे दोन्ही मुलगे सूसा नगरात, शहेनशहाच्या वाड्यात वाढत होते. क्षत्रपांची मुलं तिथंच वाढतात. त्याला सन्मान म्हणतात.

बगदातनं काही विचारण्याआधी त्यांनीच विचारलं, "सूसाला काय कळवणार?"

"जे घडलं ते."

"मुलांच्या कानावर काय जाईल?"

"तेच."

त्यांनी अंगरख्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मग लवकर शोधा," त्या म्हणाल्या. "वहुकला धीर नसतो."

बाहेर आल्यावर बगदात जिन्यात थांबला. नाक पुसत म्हणाला, "झब्दी, नवरा मेल्यावर बायको आधी काय विचारते?"

"कुणी मारलं ते."

"हं," तो म्हणाला आणि खाली उतरू लागला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला रिकाम्या दिवाणखान्यात बोलावलं.

"बस," त्यानं क्षत्रपांच्या खुर्चीकडे बोट केलं.

"हुजूर, तिथं मी..."

"बस म्हटलं ना."

खुर्ची चौथऱ्यावर होती. बाकी सगळे खाली, हंड्याला लागून, लोकरीच्या आसनांवर बसायचे. मी अंग चोरून बसलो. त्यानं माझ्या हातात लाल लोकरीची नळी दिली.

"तोंडाला लावू नकोस. फक्त खालचं टोक दारूत बुडव."

मी हात लांबवला. पोचेना. आणखी वाकलो, तरी टोक हंड्याच्या काठाशीच. शेवटी खुर्चीच्या कडेवर आलो आणि पार दुमडलो, तेव्हा कुठे ते दारूला टेकलं.

"काल ते असेच वाकले होते?"

एकदम आठवलं. "हो. इतकं वाकलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, तुमचा मान राखतायत."

"आणि मी?"

मी घुटमळलो. "तुम्ही... मागे सरकत होतात. आसन सोडून पार मागे. मला हसू येत होतं, हुजूर. म्हटलं, नवीन माणूस, नळी धरता येत नाही."

"नळी धरता येत होती. नळीच लांबलचक होती." त्यानं पांढऱ्या लोकरीची नळी लाल नळीशेजारी ठेवली. पांढरी जवळजवळ दीडपट लांब. "उंच खुर्चीसाठी लांब नळी, खालच्या आसनासाठी आखूड. बरोबर?"

"बरोबर."

"मग काल लाल लोकर आखूड नळीवर कशी आली?"

मी दोन्ही नळ्या उलटसुलट करून पाहिल्या. लोकर नीट गुंडाळलेली होती, पण लाल नळीवर जिथं लोकर संपत होती, त्याच्या खाली बोरूला जुन्या गुंडाळीचा चिकट वण होता, आणि त्या वणात एक पांढरा धागा अडकून राहिला होता.

"कुणीतरी लोकर बदलली," मी म्हणालो.

"नळ्या कापून, भरून, गुंडाळून झाल्यावर बदलली. म्हणजे बचनाग भरला तेव्हा ही नळी पांढरी होती." बगदात हंड्याच्या काठावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा भीती दिसली. "मारायचं मला होतं, झब्दी."

४

पुढचा भाग त्यानं मला बोलून दाखवला. बोलताना तो हंड्याभोवती फेऱ्या मारत होता.

"नळ्या कुणी कापल्या?"

"क्षत्रपांनी. स्वतः."

"बचनागाची किल्ली कुणाच्या गळ्यात?"

"त्यांच्याच."

"तबेले मला कुणी बघू दिले नाहीत? गुहेत इतके घोडे काय जत्रेसाठी बांधलेत? वसंतात त्यांना बंड करायचं होतं. मी सूसाला पोचलो असतो तर संपले असते. म्हणून मी इथंच मरायचं, आणि दोष हल्दितवर. इथवर सोपं आहे. पण लोकर कुणी बदलली?"

मी नळ्या खाली ठेवल्या. चौघांतला एक मी होतो.

"घाबरू नकोस. तुला कळलं असतं, तर काल सकाळी तू माझ्या कानात सांगितलं असतंस आणि बक्षीस म्हणून उबदार गावात बदली मागितली असतीस."

हे खरं होतं. मी मान खाली घातली.

"वहुकला कळलं असतं, तर त्यानं नळी हातात धरून क्षत्रपांना बेड्या घातल्या असत्या. शहेनशहानं त्याला सोन्यानं मढवलं असतं. शिवाय त्या बोटांनी लोकर गुंडाळून होत नाही. हल्दितला कळलं असतं, तर त्यानं नळी चुलीत घातली असती. मी मेलो काय, क्षत्रप मेले काय, सुळावर तोच. कुणीच न मरण्यात त्याचा फायदा."

"मग राहिलं कोण..." मी म्हणालो आणि थांबलो.

"विचार कर. मी मेलो तरी जिचं सगळं जातं, आणि मला सावध केलं तरी जिचं सगळं जातं, अशी एकच व्यक्ती या किल्ल्यात आहे. मी मेलो, तर शहेनशहाच्या डोळ्याला मारणाऱ्या माणसाची मुलं जिवंत ठेवत नाहीत. मला सावध केलं, तर बंडखोराची मुलंही जिवंत ठेवत नाहीत. ती मुलं वाचायची एकच वाट होती. बापानं राजनिष्ठ म्हणून मरायचं, आणि ते बंड करण्याआधी."

आम्ही वर दालनात गेलो तेव्हा अपामा बाई खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर नुसता पांढरा डोंगर. बगदातनं दोन्ही नळ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी एकदा बघितलं आणि त्या खाली बसल्या.

"पहाटे नळी भरताना मी बघितलं त्यांना," त्या म्हणाल्या. "लपवलंसुद्धा नाही माझ्यापासून. म्हणाले, आज पाहुण्याला गाढ झोप लागेल. मी विचारलं, पोरांचं काय? म्हणाले, मुलं आणखी होतील."

बगदातनं लाल लोकरीची नळी उचलून हातात फिरवली.

"नळी मोडून टाकायची होती," बगदात म्हणाला.

"उद्या दुसरी केली असती. वसंतापर्यंत आपण सगळे इथंच आहोत ना? तुम्ही किती जेवणं टाळली असतीत?"

"त्यांना कळलं नाही? आखूड नळी हातात आल्यावर?"

"कळलं." त्या नळीकडे बघत राहिल्या. "वाकताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण तुम्ही समोर बसला होतात. यजमानानं आधी पिण्याची रीत. नळी टाकली असती, तर का टाकली ते तुम्ही विचारलं असतंत. म्हणून नुसते ओठ ओले करायला ओढलं. बचनागाला तेवढं पुरतं." मग त्या सरळ बगदातकडे बघत म्हणाल्या, "मी तुम्हाला वाचवायला काही केलं नाही. उपकार मानू नका. माझं काय करायचं ते करा, पण सूसाला काय सांगायचं ते आधी ठरवा. तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे. आजीकडे असते."

"मग ठरवा."

जिन्यात बगदात भिंतीला टेकून उभा राहिला. "लहानपणी आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या," तो म्हणाला. "घोड्यावर बसायचं, धनुष्य ओढायचं, खोटं बोलायचं नाही. घोड्यावर मी वाईट बसतो. धनुष्य तर कधी जमलंच नाही."

खाली अंगणात कुऱ्हाडीचा आवाज येत होता. वहुकची माणसं सूळ तासत होती.

५

दुपारी सगळे दिवाणखान्यात जमले. हल्दित बेड्यांत, त्याच्यामागे दोन शिपाई. बाईसाहेब पांढऱ्या वस्त्रात. मी दौत घेऊन.

"नाव?" वहुकनं विचारलं.

बगदात उभा राहिला. त्यानं एकेक वाक्य असं उच्चारलं, जसा बर्फावर पाय चाचपून टाकतात.

"बचनाग माझ्यासाठी होता. तो पाहुण्यासाठी कापलेल्या नळीत भरला होता. ज्यानं भरला, तो आता जिवंत नाही. आणि ती नळी माझ्याऐवजी मिथ्रपातनं स्वतःच्या ओठांना लावली. लिहिलंस, झब्दी?"

"लिहिलं."

वहुकचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे पाहुण्यासाठी क्षत्रपांनी जीव दिला?"

"मी जे बोललो, ते बोललो."

"आणि भरणारा मेला? कधी मेला? कोण होता?"

"हे शहेनशहा विचारतील तेव्हा त्यांना सांगेन. तू शहेनशहा आहेस का?"

वहुकनं मान खाली घातली. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर आमच्या राज्यात नाही.

बेड्या निघाल्यावर हल्दित मनगटं चोळत म्हणाला, "या किल्ल्यात माणूस मेला आणि माझी मान जागेवर राहिली. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल." मग तो बगदातजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "घोड्यांचं काय, डोळेसाहेब?"

"बर्फ वितळलं की घेऊन जा. तबेले मी अजून बघितलेले नाहीत."

मग उरलेला हिवाळा. तो मला त्या मरणापेक्षा जास्त आठवतो. रोज तोच दिवाणखाना, तीच माणसं. हंडा कुणी उघडला नाही. बाईसाहेब आणि बगदात समोरासमोर बसून सुकी जर्दाळू खायचे, हवेबद्दल बोलायचे. वहुक दोघांकडे आळीपाळीनं बघायचा. तो मूर्ख नव्हता. एकदा मला म्हणाला, "झब्दी, त्या चार वाक्यांत खोटं एकही नाही, हे मला कळतं. मग मला झोप का लागत नाही?"

मी म्हटलं, "थंडी आहे, किल्लेदार."

६

खिंड मोकळी झाली तसे टपालाचे घोडेस्वार माझी चार वाक्यं घेऊन सूसाला गेले. बगदातनंही सामान बांधलं. पण क्षत्रपाशिवाय सुभा सोडता येत नाही, म्हणून उत्तराची वाट बघणं भाग होतं.

उत्तर तोंडी आलं. निरोप्यानं जरीचा अंगरखा पुढे केला आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"शहेनशहा म्हणतात, माझा डोळा कधी चुकत नाही. मिथ्रपातसारखा निष्ठावान माणूस पुन्हा मिळणं कठीण. म्हणून अर्मिनाचा क्षत्रप तूच हो. मिथ्रपातची मुलं माझ्या पंगतीला जेवतील. त्यांची आई त्यांच्याजवळ येऊन राहो. आणि तुझ्या मुलीला मी आजच वाड्यात आणवलं आहे. ती त्यांच्यासोबत वाढेल. हा तुझा सन्मान."

बगदातनं अंगरखा हातात घेतला. "नळी कुणी भरली, ते विचारलं नाही?"

"नाही, हुजूर."

"काहीच नाही?"

निरोप्या जरा घुटमळला. "वाचून झाल्यावर ते हसले. मग म्हणाले, माणूस कामाचा आहे."

दोन दिवसांनी बाईसाहेब निघाल्या. गाडी वेशीपर्यंत गेली, तेवढ्यात बगदात उतारावरून धावत आला. धाप लागलेली, नाक वाहत होतं, नवा अंगरखा चिखलानं भरलेला. मी गाडीशी उभा होतो म्हणून ऐकलं.

"माझी मुलगी," तो म्हणाला. "रतूशा नाव आहे. नऊ-दहा वर्षांची असेल."

"मी बघेन तिच्याकडे," बाईसाहेब म्हणाल्या. "माझ्याजवळच झोपवीन. तिला काय आवडतं?"

गाडीचे बैल मान हलवत होते. "ठाऊक नाही," शेवटी तो म्हणाला. "मी कायम प्रवासात होतो."

अपामा बाईंनी गाडीतून हात बाहेर काढला आणि त्याच्या खांद्यावर क्षणभर ठेवला. सहा महिन्यांत त्यांनी एकमेकांना पहिल्यांदाच स्पर्श केला असेल.

"विचारून कळवीन," त्या म्हणाल्या.

गाडी वळणाआड गेली. आम्ही वर आलो. बगदात मात्र वेशीतच उभा होता, खिंडीकडे तोंड करून.

"नवे क्षत्रप जेवायला कधी येणार?" वहुकनं मला विचारलं. "भाकऱ्या निवतायत."

"येतील," मी म्हटलं. "जातील कुठे?"